तक्रार कोणाची?

मराठी भाषा मुलांच्या बाबतीत मोठी उदार आहे. एका जागी न ठरणाऱ्या पोरासाठी तिने जितके शब्द घडवले तितके शांत पोरासाठी घडवल्याचे दिसत नाही. हूड, द्वाड, वांड, अवखळ, चुळबुळ्या, उपद्व्यापी, आणि आमच्याकडे एखादे पोर सकाळपासून गावभर उधळत असले म्हणजे त्याची आजी उंबऱ्यात बसून म्हणते, "वारं प्यालंय ते!" पाय जागेवर असून चित्त थाऱ्यावर नसणाऱ्यांसाठी वेंधळा, धांदरट, विसरभोळा अशी निराळी पंगत मांडलेली आहेच. या शब्दांची गंमत अशी की रागाने उच्चारले तर त्यांची शिवी होते आणि हसून उच्चारले तर लाड होतो. अलीकडे ही सारी पंगत उठवून तिच्या जागी चार इंग्रजी अक्षरे येऊन बसली आहेत : एडीएचडी. पुस्तकी मराठीत त्यांना अवधान-न्यूनता व अतिचंचलता असे म्हणतात. पण घराघरांतून ऐकू येतात ती ही चार अक्षरेच. ती लाडाने उच्चारता येत नाहीत. तशी ती रागानेही उच्चारली जात नाहीत. बहुधा हलक्या आवाजात, पाहुणे उठून गेल्यावर उच्चारली जातात.

या अक्षरांविषयी काही लिहावे असे गेली दोन-तीन वर्षे मनात आहे. मी डॉक्टर नाही. निवृत्त शिक्षक आहे. आजार काय आहे हे सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. मला पडलेला प्रश्न निराळा, थोडा नीतीच्या प्रांतातला आहे. ज्याचे चित्त थाऱ्यावर राहत नाही त्याला घेऊन आपण कोणाच्या तरी दाराशी मदत मागायला जातो, तेव्हा ती मदत नेमकी कोणासाठी मागतो? योग्य तज्ज्ञ सापडत नाही अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि ती खोटी नाही. पण योग्य तज्ज्ञ सापडण्याच्या आधी योग्य तक्रार सापडावी लागते. आणि माझा अनुभव असा की, घोडे पेंड खाते ते तिथेच.

मी लातुरात राहतो. एकाग्रतेचा कारखाना काढलेले गाव, असे त्याचे वर्णन केले तरी चालेल. गेल्या शतकाच्या अखेरीस इथल्या राजर्षी शाहू महाविद्यालयात जादा तास, पुन:पुन्हा चाचण्या आणि प्रत्येक मुलाच्या प्रत्येक चुकीवर बोट ठेवणारे शिक्षक अशी एक पद्धत रुजली. पुढे तीच 'लातूर पॅटर्न' या नावाने राज्यभर गाजली. मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या मराठवाड्यातली मुले पुण्या-मुंबईच्या मुलांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली, ही गोष्ट लहान नव्हे. त्या पद्धतीची चेष्टा करणाऱ्यांत मी नाही. परंतु आज त्या पद्धतीभोवती एक गावच उभे राहिले आहे. वसतिगृहे, मेस, रात्रभर दिवे जळणाऱ्या अभ्यासिका, आणि आठ जिल्ह्यांतून आलेली सतरा-अठरा वर्षांची मुले. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेचे नावच मुळी 'नीट' आहे. मराठी माणसाला या शब्दाची सवय फार जुनी. नीट बस, नीट लिही, नीट वाग, हे ऐकतच तो मोठा होतो. दिल्लीतल्या कोणा अधिकाऱ्याला हे ठाऊक नसावे. पण आमच्या गावाच्या साऱ्या अपेक्षा त्याने नकळत एका शब्दात बांधून टाकल्या आहेत.

आमच्या माडीवरच्या दोन खोल्या आम्ही विद्यार्थ्यांना देतो. त्यातल्या एकीत कंधार तालुक्यातला एक मुलगा राहत होता. परीक्षेचे त्याचे दुसरे वर्ष. वडील कोरडवाहू शेतकरी. सोयाबीन विकून क्लासची फी भरलेली. एका संध्याकाळी ते एसटीने आले, खाली माझ्यापाशी टेकले आणि बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाले, "गुरुजी, पोरगं बसंना गेलंय. पुस्तक उघडतंय आन् बघत राहतंय. ध्यान लागायची गोळी असती म्हणं. ती कुठं मिळती?"

या प्रश्नाला हसणे सोपे आहे. पण तो माणूस हसण्यासारखे काहीच बोलत नव्हता. त्याने आपल्या परीने सर्व केले होते. ब्राह्मीचे तेल झाले होते, गावाकडचा अंगारा झाला होता, मुलाचा मोबाइल काढून घेऊन झाला होता. कोणा समुपदेशकाने पंधरा-वीस प्रश्नांचा एक कागद भरून घेऊन खाली ती चार अक्षरे लिहून दिली होती. एका डॉक्टरांनी पाच-सात मिनिटांत पाहून मेंदूचे छायाचित्र काढायला सांगितले होते. वास्तविक या विकाराचे निदान कोणत्याही छायाचित्राने किंवा रक्ताच्या तपासणीने होत नाही. ते माणसाशी आणि माणसाविषयी बोलूनच करावे लागते. पण बोलणे दिसत नाही आणि छायाचित्र पिशवीत घालून घरी नेता येते, म्हणून आपला विश्वास छायाचित्रावर.

अखेरीस आम्ही तिघे इथल्याच एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. मला वाटले होते ते मुलाला काही विचारतील. त्यांनी पहिला प्रश्न वडिलांना विचारला, "तक्रार कोणाची आहे?"

वडील गोंधळले. "तक्रार कुणाचीच न्हाई साहेब. पोराला दाखवायला आणलंय."

"तसं नाही. क्लासची तक्रार आहे, तुमची आहे, की ह्याची स्वत:ची आहे?"

मुलगा तोवर खाली पाहत होता. तो एवढेच म्हणाला, "मला झोप लागत नाही." हे वाक्य त्याने आधी कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. साऱ्यांचा प्रश्न तो का बसत नाही हा होता.

मग डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बसवले आणि पाऊण तास ते त्याच्याशी बोलले. त्यानंतर गावाकडे आईला फोन लावला. प्राथमिक शाळेतल्या गुरुजींचा नंबर मिळवून त्यांनाही विचारले. निघाले ते असे की चौथीत-सातवीत हा मुलगा तासन् तास एका जागी बसून वाचत असे, गल्ल्याचा हिशेब न चुकता ठेवत असे. बिघाड झाला तो लातुरात आल्यानंतर, सतराव्या वर्षी. डॉक्टरांनी वडिलांना समजावून सांगितले की अतिचंचलतेचा विकार असा अवचित उगवत नाही. त्याची चिन्हे बारा वर्षांच्या आत दिसू लागलेली असावी लागतात, ती घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, आणि निदान सहा महिने टिकून असावी लागतात. ह्या मुलाला तो विकार नव्हता. रात्री चार तासांची झोप, पोखरणारी काळजी आणि मनाला आलेली खिन्नता हा त्याचा आजार होता; त्याचे उपचार निराळे. हे उपचार झाले, झोप परतली, मुलगा पुन्हा जेवू लागला. परीक्षेत मात्र त्याला पुरेसे गुण पडले नाहीत. वडिलांच्या मनात आजही आहे की त्या डॉक्टरने गोळी लिहून दिली असती तर पोरगे लागले असते. त्यांनी तसे मला बोलून दाखवले आहे, आणि त्यांची समजूत घालण्यात मला यश आलेले नाही.

कारण त्यांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. १९३७ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंड येथल्या एका बालरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरने ३० मुलांना बेन्झेड्रिन नावाचे उत्तेजक औषध दिले. मुले तपासणीनंतरच्या डोकेदुखीने हैराण होत, तिच्यावर उतारा शोधण्याच्या खटपटीत ही गोष्ट हाती लागली असे सांगतात. डोकेदुखीचे काय झाले ते राहो; पण जवळजवळ निम्म्या मुलांचा अभ्यास एकाएकी सुधारला. मुलांनीच तिला गणिताची गोळी म्हणायला सुरुवात केली. म्हणजे कंधारच्या शेतकऱ्याने मला विचारली ती गोळी कल्पनेतली नाही. आज वापरले जाणारे मेथिलफेनिडेट हे त्याच जातीचे औषध. आपल्याकडे ते १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते, डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज मिळत नाही, आणि घेणाऱ्याची भूक, झोप, वजन, नाडी यांवर नजर ठेवावी लागते. ज्यांना खरोखर हा विकार आहे त्यांच्यापैकी पुष्कळांना त्याने आधार मिळतो, ही गोष्ट जगभर मान्य झालेली आहे. औषधाच्या नावाने बोटे मोडणारे लोक मला आवडत नाहीत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी असे मूल नसते.

मग ज्याला विकार नाही त्याने ती घेतली तर बिघडले कोठे? गुण वाढले तर कोणाला नको आहेत? मला याचे उत्तर शेतातच सापडते. बैल चालेनासा झाला म्हणजे शेतकरी दोन गोष्टी करू शकतो. जू उतरवून खांदा पाहू शकतो, किंवा पराणी टोचू शकतो. पराणीनेही बैल चालतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पराणी धन्याच्या तक्रारीवरचा उपाय आहे आणि मलम बैलाच्या. एकाच बाटलीतली एकच गोळी एका मुलाच्या बाबतीत मलम असते आणि दुसऱ्याच्या बाबतीत पराणी होते. ती कोणाच्या हातून, कोणाच्या तक्रारीवरून दिली गेली एवढाच काय तो फरक. हा फरक रसायनशास्त्राला कळणार नाही. तो कळणारा माणूस समोरच्या खुर्चीवर असावा लागतो.

लातुरातल्या कितीतरी क्लासांच्या भिंतींवर अर्जुनाचे चित्र लावलेले असते. झाडावरच्या पक्ष्याचा केवळ डोळा ज्याला दिसला तो अर्जुन. एकाग्रतेचे याहून चांगले चित्र आपल्याकडे नाही. मला नेहमी गंमत वाटते ती अशी की, ह्याच अर्जुनाने पुढे गीतेच्या सहाव्या अध्यायात चक्क तक्रार केली आहे. मन फार चंचल आहे, वाऱ्याची मोट बांधावी तसे ते आवरणे कठीण आहे, अशा अर्थाचे तो बोलतो. ते चित्र मात्र कोणी भिंतीवर लावत नाही. आणि श्रीकृष्णाने त्यावर काय केले? 'तुला तर पक्ष्याचा डोळा दिसत होता, आता काय धाड भरली' असे तो म्हणाला नाही. त्याने प्रथम तक्रार मान्य केली. मन आवरायला कठीण आहे यात शंका नाही, असे म्हणून मगच त्याने अभ्यासाचा आणि वैराग्याचा उपाय सांगितला. आमचे शिक्षक आणि पालक अभ्यासाचा उपाय तेवढा उचलतात आणि आधीचे वाक्य गाळतात. शिवाय हेही ध्यानात घ्यावे की तक्रार अर्जुनाने स्वत: केली होती. द्रोणाचार्यांनी पत्र पाठवून ती केलेली नव्हती.

तक्रार मान्य करणे याला मी इतके महत्त्व का देतो, हे या विकाराच्या इतिहासावरून कळेल. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली. मुले मंदबुद्धी नव्हती, तरी त्यांना स्वत:ला आवरता येत नव्हते. स्टिलने त्या दोषाला नाव दिले ते नैतिक संयमाच्या उणिवेचे. माणूस सहृदय होता, हा दोष शरीरातूनही उद्भवत असावा असे त्याचे मत होते. पण शब्द आला तो नीतीचाच. पुढे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत १९६८ साली तो बाल्यातला अतिचलनाचा विकार झाला, १९८० साली अवधानाची उणीव झाला आणि १९८७ साली त्याला आजचे नाव मिळाले. कागदावरून नीती पुसायला डॉक्टरांना इतकी वर्षे लागली. आपल्या घरांतून ती अजून पुसली गेलेली नाही. 'जमत नाही' आणि 'करत नाही' यांत आपण फरक करीत नाही. किंबहुना 'करायचेच नाही त्याला' हा आपला निकाल आधीच लागलेला असतो.

यावर वडीलधाऱ्यांचा आक्षेप ठरलेला आहे : आमच्या वेळी हे असले काही नव्हते. होते. फक्त ती मुले पटावरून नाहीशी होत. कोणी हॉटेलात लागे, कोणी गॅरेजमध्ये, कोणी मुंबईला पळून जाई. कोणी त्यातूनही मोठे नाव काढी, आणि नाव काढणारे तेवढे आपल्याला आठवतात. शेतीवाडीच्या जगात वारे प्यालेल्या पोराला जागा होती हे खरे. गुरांमागे दिवसभर हिंडणारा पोरगा कोणाच्या डोळ्यांवर येत नसे. पण म्हणून तो काळ त्याला सुखाचा होता असे मानण्याचे कारण नाही. छडी होती, आणि ती नेमक्या ह्याच मुलांवर मोडत असे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. त्या भिंती तशा का बांधल्या होत्या याची चर्चा पुढे पुष्कळ झाली व ती व्हायलाही हवी होती. परंतु त्या पहाटे ढिगारा उपसताना कोणी कोणाला विचारले नाही की घर नीट का बांधले नाहीस. आधी माणूस बाहेर काढला. पडलेले घर सर्वांना दिसते, म्हणून हा क्रम आपल्याला आपोआप सुचतो. चित्ताची पडझड दिसत नाही. तिथे आपण ढिगाऱ्यावर उभे राहून प्रथम चौकशी करतो.

माझी उदगीरची भाची ही अशा चौकशीत वाढलेली मुलगी. वय सव्वीस, एका पतसंस्थेत नोकरीला. तिच्याबद्दल कोणालाही कधी संशय आला नाही, कारण ती उड्या मारीत नसे. या विकाराचे मुलींमधले रूप पुष्कळदा शांत असते. वर्गात खिडकीपाशी बसलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून कोणाला दिसत नाही. दूध उतू जाते, चावी हरवते, शब्द दिलेला विसरतो. आणि घरचे म्हणतात, सासरी कसे होणार. तिने एकदा मला सांगितले, "मामा, गंजगोलाईच्या मधोमध उभं राहिलं की सोळाच्या सोळा रस्त्यांवरून रिक्षा अंगावर येतात ना, तसं माझं डोकं. तुम्ही म्हणता एका रस्त्यानं नीट चाल. मला तो रस्ता कोणता हेच उमजत नाही." इतके नेमके वर्णन मी पुस्तकातही वाचलेले नाही.

तिची तक्रार तिची स्वत:ची होती, आणि तरीही तिला योग्य माणूस सापडायला दोन वर्षे लागली. पहिल्या डॉक्टरांनी, लग्न झाले म्हणजे ठीक होईल, असे सांगितले. हा उपाय आपल्याकडे मिरगीपासून मुरुमांपर्यंत सर्वांवर चालतो. दुसऱ्यांनी काळजीचे औषध दिले, त्याने ती दिवसभर पेंगू लागली. तिसऱ्यांदा ती रात्रीच्या बसने पुण्याला गेली. तिथल्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी तिला लहानपणाचा पुरावा मागितला. मोठेपणी निदान करायचे तरी बालपणीची चिन्हे तपासावी लागतात. माझ्या बहिणीने ट्रंक उपसून शाळेच्या गुणपत्रिका काढल्या. चौथी, सहावी, सातवी. तीन निरनिराळ्या शिक्षकांची तीन निरनिराळी अक्षरे, आणि शेरा जवळजवळ एकच : हुशार आहे, पण लक्ष नसते. पंधरा वर्षे ट्रंकेत निदान पडून होते. आक्का त्या गुणपत्रिका हातात घेऊन रडली. मुलगी मात्र रडली नाही, ती म्हणाली, "म्हणजे मी आळशी नव्हते."

निदानानंतर काय झाले हे सांगायला हवे, कारण लोक समजतात की पुढे सारे गोळीवर चालते. गोळी आहे, कमी मात्रेत. पण बाईंनी तिला एका चिकित्सक मानसशास्त्रज्ञांकडेही पाठवले. त्यांनी तिला उपदेश केला नाही. भिंतीवर मोठे घड्याळ लावायला सांगितले, कामाचे लहान लहान तुकडे करायला शिकवले, चावीला दाराशीच खिळा ठोकून दिला. खिळ्याइतकी साधी गोष्ट आपल्यापैकी कोणालाही सुचली असती. पण आपण वीस वर्षे तिला 'लक्षात ठेव' असे सांगत होतो, आणि जिला लक्षात राहत नाही हीच तक्रार आहे तिला सांगण्यासारखी गोष्ट ती नव्हे.

आता जबाबदारीचे काय, असा प्रश्न कोणी करील. सगळाच दोष मेंदूचा ठरला तर माणसाकडे उरते काय? माझे मत असे की निदानाने जबाबदारी जात नाही. तिची जागा बदलते. विसरलीस का, असे भाचीला आता मी विचारीत नाही. खिळ्याला चावी अडकवली होतीस का, असे विचारतो. पहिल्या प्रश्नाला तिच्यापाशी लाजेखेरीज उत्तर नव्हते. दुसऱ्याला आहे, आणि कधी कधी ते 'नाही' असेही असते; मग ती स्वत:वर हसते व उठून चावी अडकवते.

एक धोका मात्र सांगून टाकतो. नाव मिळाले म्हणजे ते वाटत सुटण्याचा मोह होतो. नांदेडचे नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत पुन:पुन्हा नापास झाले आणि तरी मराठवाड्याचे एक थोर विचारवंत ठरले, ही कथा आमच्याकडे प्रत्येक नापास मुलाला सांगितली जाते. परवा एका व्याख्यानात कोणी त्यांनाही ही चार अक्षरे चिकटवली. १९८२ साली गेलेल्या माणसाला २०२० नंतरचा डॉक्टर तपासू शकत नाही, एवढेही भान आपल्याला राहू नये! ज्याची तक्रार नव्हती त्याला निदान देणे हीही एक प्रकारची पराणीच.

राहिला प्रश्न माणूस सापडण्याचा. राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आलेले नाही. त्यामुळे 'डोक्याचा डॉक्टर' म्हणजे रात्रभराचा प्रवास हे समीकरण आमच्या मनात पक्के झाले आहे. आता स्थिती तितकी वाईट नाही. लातूर आणि नांदेड दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि तिच्या यादीत हा विकार नावानिशी आहे; शाळेत येणाऱ्या त्या पथकाला शिक्षकांनी दात आणि डोळे दाखवून निरोप देऊ नये. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मनाच्या दुखण्यासाठी फुकट बोलता येते, मराठीतूनही. पाटीवरच्या शब्दांचा अर्थ मात्र विचारून घ्यावा. औषध लिहून देणारा तो मनोविकारतज्ज्ञ. चाचण्या घेणारा आणि सवयी घडवणारा तो चिकित्सक मानसशास्त्रज्ञ, त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक हा शब्द मात्र फार निरनिराळ्या शिक्षणाची माणसे लावतात. शिक्षण विचारल्याने चांगला माणूस रागावत नाही. आणि अगदी लहान मूल असेल तर, शाळेत जाण्याआधीच्या वयात, औषधाच्या अगोदर आईबापांनाच शिकवण्याची रीत जगभर मानली जाते. हे ऐकून अपमान वाटणारे बाप मी पाहिले आहेत. आया बहुधा वही काढतात.

या दिवाळीत आमच्या घरी निराळाच प्रश्न निघाला आहे. भाचीला स्थळे येऊ लागली आहेत. आक्काने परवा मला बाजूला घेऊन विचारले, "दादा, हे सांगायचं का त्यांना? की गोळी बंद करून टाकायची वर्षभर?" मी म्हटले, गोळीचे डॉक्टर ठरवतील, आणि सांगायचे की नाही हे तू किंवा मी ठरवणारे कोण? तिची गोष्ट तिने सांगावी. लपवून केलेल्या लग्नात ती आयुष्यभर दुधाच्या भांड्यावर पहारा देत बसेल, एवढे माझे मत मी सांगितले. आक्काला ते पटले नाही. लोक काय म्हणतील याची काळजी मामाला नसते, आईला असते, असे ती म्हणाली, आणि त्यातही तथ्य आहे.

भाची चकलीचे पीठ मळता मळता ऐकत होती. ती म्हणाली, "मी सांगणार आहे, मामा. पण पहिल्या भेटीत नाही. पहिल्या भेटीत मी आधी हे बघणार, की मी उशिरा पोचले तर तो किती वेळ थांबतो."